रस्ता फुकट, बस महाग

(एका वसंत व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत 'वाहतुकीचे दर आणि रस्त्यांवरील कोंडी' असा विषय छापला गेला की श्रोत्यांच्या मनात प्रथम थोडी धास्तीच उभी राहते. आकडे येणार, अर्थशास्त्राचे जड शब्द येणार, अशी ती धास्ती असते. वस्तुतः हा विषय प्रत्येक घरातील सकाळचा आहे. नोकरीवर निघालेली गृहिणी, महाविद्यालयात जाणारी मुलगी, रुग्णालयात तपासणीसाठी निघालेले आजोबा, यांपैकी प्रत्येकाला उंबरठा ओलांडताच एक किंमत मोजावी लागते. ती कधी पैशांत असते, कधी वेळात, कधी बसथांब्यावरच्या ताटकळण्यात. ही किंमत कोण ठरवते, कशी ठरवते आणि ती कोणाच्या वाट्याला किती येते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

सात महिन्यांतले दोन निर्णय

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी या मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला. मोटारीला एका फेरीस ४५ रुपये पडत होते, ते शून्य झाले. त्यानंतर सातच महिन्यांनी, ९ मे २०२५ रोजी बेस्टच्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपयांवर गेले. वातानुकूलित बसचे सहा रुपयांचे तिकीट बारा रुपयांचे झाले.

दोन्ही निर्णयांमागे कारणे होती आणि ती डावलून चालणार नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस रस्ते विकास महामंडळाने मुंबईत उभारलेल्या उड्डाणपुलांचा खर्च वसूल व्हावा, म्हणून हा पथकर बसवण्यात आला होता. वर्षानुवर्षे तो भरूनही वसुली संपत नाही, नाक्यावरच्या रांगेत इंधन आणि वेळ दोन्ही जातात, ही नागरिकांची तक्रार खरी होती. बेस्टचीही तूट खरी होती. कर्मचाऱ्यांची देणी, कंत्राटी गाड्यांची बिले आणि महापालिकेपुढे पसरावा लागणारा हात, यांतून मार्ग काढणे तिला भागच होते. प्रत्येक निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखा आहे. परंतु दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, की त्यांतून नागरिकाला मिळणारा संदेश विपरीत आहे. मोटार घेऊन शहरात याल तर स्वस्त पडेल, बसने याल तर दुप्पट मोजावे लागेल, असा तो संदेश आहे. तो कोणी हेतुपुरस्सर दिला नसेल, पण प्रवासी हेतू पाहत नाही, तो हिशेब पाहतो.

हा हिशेब घरगुती पद्धतीनेच मांडून पाहू. पतिपत्नी पाच किलोमीटरवरील नातेवाइकांकडे जाऊन परत येतात. स्कूटर एका लिटरला ४५ किलोमीटर चालते असे धरले, तर दहा किलोमीटरला २०२५ मधील मुंबईच्या दराने सुमारे २३ रुपयांचे पेट्रोल लागते. बसचे भाडे पाच रुपये होते, तेव्हा दोघांचे जाऊन येऊन २० रुपये होत. म्हणजे बस तीन रुपयांनी स्वस्त होती. भाडे दहा रुपये झाले आणि तोच प्रवास ४० रुपयांचा झाला. ज्या घरात स्कूटर दारात उभी आहे, त्या घराने या हिशेबानंतर काय करावे, हे सांगण्यासाठी अर्थतज्ज्ञाची गरज नाही. आणि ज्या घरात स्कूटर नाही, त्या घरात ती हप्त्याने घेण्याची चर्चा सुरू होते. मुंबईतील नोंदणीकृत वाहनांची संख्या २०२४ मध्येच ४५ लाखांच्या पुढे गेली होती. ती अशाच लाखो घरगुती हिशेबांची बेरीज आहे.

गायरान आणि पाटाचे पाणी

रस्ता ही कोणत्या जातीची वस्तू आहे, हे समजण्यासाठी आपल्या खेड्याकडे पाहिले तरी पुरे. गावाला गायरान असे. त्यावर सर्वांचा हक्क असल्यामुळे एकाने आणखी एक म्हैस सोडली, तर तिचे दूध त्याच्या घरी जाई, पण चारा मात्र साऱ्या गावाचा कमी होई. जनावरे थोडी होती तोवर हे खपून गेले. जनावरे वाढली आणि कोणी नियम घातला नाही, तेथे गायरानाचे माळरान झाले.

पाण्याच्या बाबतीत आपले पूर्वज अधिक जागरूक होते. धुळे आणि नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवरच्या जुन्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने येई आणि पाळीने मिळे. पाटकरी नेमलेला असे, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे ठरलेले असे. पाणी सर्वांचे आहे, म्हणूनच ते मोजून द्यावे लागते, हे शहाणपण त्या व्यवस्थेत होते. सर्वांचे आहे म्हणून ज्याला हवे त्याने हवे तेव्हा पाट फोडावा, असे त्या शेतकऱ्यांनी कधी मानले नाही.

सकाळी नऊ वाजता शीव, दादर किंवा अंधेरीचा रस्ता म्हणजे उन्हाळ्यातला पाट आहे. जागा ठरलेली आहे, मागणारे हजारो आहेत. तेथे ना पाळी आहे, ना पाटकरी, ना मोजमाप. जी वस्तू पैशांनी मोजून दिली जात नाही, ती शेवटी रांगेने वाटली जाते. वाहतुकीची कोंडी ही अशी रांगच आहे. रस्ता फुकट आहे असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्याची किंमत प्रत्येक जण आपल्या आयुष्यातील तासांनी चुकवत असतो. शिवाय पैशाने दिलेली किंमत निदान तिजोरीत जाते आणि समाजाच्या उपयोगी पडते. कोंडीत गेलेला तास कोणाच्याच पदरात पडत नाही.

एक मोटार आणि दोन हजार सेकंद

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये दोन गावांना जोडणाऱ्या दोन रस्त्यांच्या उदाहरणातून हे सूत्र मांडले. आजच्या भाषेत ते असे सांगता येईल. समजा, एका रस्त्यावर दोन हजार वाहने आहेत आणि तो तुडुंब भरला आहे. त्यात आणखी एक मोटार शिरली आणि तिच्यामुळे प्रत्येकाला अवघा एक सेकंद उशीर झाला. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण दोन हजार सेकंद म्हणजे तेहतीस मिनिटे. त्या एका मोटारीने समाजाची तेहतीस मिनिटे खर्ची घातली आणि तिच्या मालकाला त्याचे काहीच मोजावे लागले नाही. त्याला स्वतःचा उशीर दिसतो, इतरांना होणारा दिसत नाही. यात त्याचा दुष्टपणा नाही. त्याला ती किंमत कोणी सांगितलेलीच नाही.

आता त्या दोन हजार वाहनांत बस आहे हे ध्यानी घ्या. वाहतूक अभियंते एका बसला साधारण तीन मोटारींइतकी जागा धरतात. त्या जागेत मोटारींतून चार-पाच माणसे जातात, बसमधून पन्नास. कोंडीत सर्वाधिक माणसे अडकतात ती बसमध्ये, आणि कोंडी निर्माण करण्यात सर्वांत कमी वाटा असतो तो त्यांचाच.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. बसची एक फेरी एका तासात होत असेल, तर आठ तासांच्या पाळीत आठ फेऱ्या होतात. कोंडीमुळे तीच फेरी दीड तासाची झाली, तर त्याच पाळीत पूर्ण फेऱ्या होतात पाच. चालकाचे वेतन तेवढेच, वाहकाचे तेवढेच, गाडीचा हप्ता तेवढाच. पाळीचा खर्च आठ हजार रुपये धरला, तर पूर्वी एका फेरीला हजार रुपये पडत होते, आता सोळाशे पडतात. बस चालवणारी संस्था मग एक तर भाडे वाढवते किंवा फेऱ्या कमी करते. ताळेबंदात त्याला 'बेस्टची तूट' असे नाव मिळते. त्या तुटीचा मोठा हिस्सा कोंडीने आलेला असतो, आणि तो फेडण्यासाठी बिल पाठवले जाते बसच्या प्रवाशाला. यालाच आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

बसचा न्याय वेगळा

रस्त्याच्या बाबतीत एक वाढला की बाकीच्यांचे नुकसान होते. बसच्या बाबतीत याच्या बरोबर उलट घडते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये ते दाखवून दिले. एखाद्या मार्गावर तासाला चार बस धावत असतील, तर प्रवाशाला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागते. प्रवासी दुप्पट झाले आणि संस्थेने बस दुप्पट केल्या, तर हे थांबणे पावणेचार मिनिटांवर येते. म्हणजे नव्याने आलेल्या प्रवाशाने जुन्या प्रवाशांचाही वेळ वाचवला. बसमध्ये चढणारा प्रत्येक जण नकळत इतरांवर उपकार करत असतो. उलट प्रवासी घटले की फेऱ्या कमी होतात, थांबणे वाढते, मग आणखी प्रवासी घटतात. ही घसरगुंडी एकदा सुरू झाली की आवरणे कठीण.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. जो इतरांचे नुकसान करतो, त्याने आपल्या खर्चापेक्षा अधिक द्यावे, आणि ज्याच्या येण्याने इतरांचा लाभ होतो, त्याला काही सवलत मिळावी. बसचे भाडे तिच्या संपूर्ण खर्चापेक्षा कमी ठेवणे ही भीक नाही, तो शुद्ध हिशेब आहे. आपली दरव्यवस्था मात्र उलटी उभी आहे. रेल्वेच्या तिकिटावर २०१६ पासून एक वाक्य छापले जाऊ लागले, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम रेल्वेला प्रवाशाकडून मिळते. पाच-दहा रुपयांचे तिकीट काढणाऱ्या प्रवाशालाही त्याच्यावरच्या उपकाराची जाणीव करून देण्यात आली. तेरा हजार कोटींहून अधिक खर्चाच्या सागरी किनारा मार्गावरून पथकराविना जाणाऱ्या मोटारचालकाच्या हाती मात्र अशी चिठ्ठी कोणी ठेवत नाही. अनुदान दोघांनाही आहे. एकाचे छापून सांगितले जाते, दुसऱ्याचे डांबराखाली झाकले जाते.

पाच रुपयांचा धडा

मग भाडे अगदी कमी केले की काम झाले का? हा प्रयोगही मुंबईने करून पाहिला आहे. मुंबईला सार्वजनिक वाहतुकीची परंपरा मोठी आहे. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा भाडे तीन आणे होते, आणि प्रवासी वाढल्यावर ते दोन आण्यांवर आले. १९२६ मध्ये बस आली, १९४७ च्या ऑगस्टमध्ये ही सारी व्यवस्था महापालिकेच्या मालकीची झाली. पुढे अनेक वर्षे विद्युत विभागाच्या उत्पन्नातून वाहतूक विभागाची तूट भरून निघे. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर तो मार्ग अवघड होत गेला. २०१५ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवर पोहोचले आणि प्रवासी गळू लागले.

जुलै २०१९ मध्ये हे भाडे एकदम पाच रुपयांवर आणले गेले. दिवसाला वीस-बावीस लाखांच्या घरात आलेली प्रवासीसंख्या काही महिन्यांत तीस लाखांच्या पुढे गेली. लोकांना बस नको आहे, हा समज एका फटक्यात खोटा ठरला. परंतु भाडे कमी झाले, तेव्हा येणाऱ्या प्रवाशांसाठी गाड्या वाढवण्याची तरतूद झाली नाही. २०१० च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. जुन्या गाड्या भंगारात गेल्या, काही कंत्राटदारांनी परवडत नाही म्हणून अंग काढून घेतले, कंत्राटी कामगारांचे संप झाले. पाच रुपयांचे तिकीट परवडते, पण त्यासाठी थांब्यावर अर्धा-पाऊण तास उभे राहणे नोकरदाराला परवडत नाही. स्वस्ताईच्या पाठीशी पैसा उभा केला नाही, तर ती स्वस्ताई स्वतःच्याच ओझ्याने बसते.

परदेशातील अनुभवही हेच सांगतो. एस्टोनियाची राजधानी टॅलिन हिने २०१३ पासून आपल्या रहिवाशांना बसप्रवास मोफत केला. प्रवासी वाढले, पण त्यांत पूर्वी पायी चालणारे बरेच होते. रस्त्यावरच्या मोटारी अपेक्षेइतक्या हटल्या नाहीत. लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभर भाडे रद्द केले, तरी तेथील मोटारींचे वेड ओसरले नाही. बस स्वस्त करणे हे औषधाचे अर्धे अंग आहे. दुसरे अर्धे अंग रस्त्याच्या किमतीत आहे.

ज्यांनी धाडस केले

रस्त्याला वेळेनुसार किंमत लावावी, हे अनेक वर्षे आग्रहाने सांगणारे अर्थशास्त्रज्ञ म्हणजे कोलंबिया विद्यापीठाचे विल्यम विक्री. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी गर्दीच्या वेळी जास्त आणि एरवी कमी भाडे सुचवले. १९५९ मध्ये वॉशिंग्टनच्या रस्त्यांसाठी तशीच योजना मांडली. दोन्ही वेळा ती बाजूला ठेवली गेली. १९९६ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार जाहीर झाला आणि तीनच दिवसांनी त्यांचे निधन झाले.

वस्तुतः ही कल्पना आपल्याला अनोळखी नाही. रात्री उशिरा दर पाव होतो म्हणून एसटीडी बूथबाहेर रांग लावून गावाकडे फोन करणारी पिढी आजही या सभागृहात आहे. दिवसा तारा भरलेल्या असत, रात्री मोकळ्या. ज्याचे काम तातडीचे, त्याने दिवसा पूर्ण दर द्यावा; ज्याला थांबता येते, त्याने रात्री स्वस्तात बोलावे. त्यात अन्याय आहे असे कोणाला वाटले नाही. रस्त्याचे तत्त्व याहून वेगळे नाही.

सिंगापूरने १९७५ च्या जूनमध्ये हे तत्त्व प्रथम अमलात आणले. सकाळच्या गर्दीत शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या मोटारीला दिवसाचा तीन डॉलरचा परवाना घ्यावा लागे. बसला तो नव्हता. त्या वेळेतील वाहतूक चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. १९९८ मध्ये ही वसुली विद्युतयंत्रणेने होऊ लागली आणि रस्ता व वेळ पाहून दर बदलू लागले. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये मध्यवर्ती भागासाठी पाच पौंडांचे शुल्क लावले. ज्या दिवशी शुल्क सुरू झाले, त्याच दिवशी सुमारे तीनशे जादा बसही रस्त्यावर आल्या, आणि उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधन कायद्यानेच घातले गेले. लंडनची चूकही लक्षात ठेवण्यासारखी आहे. भाड्याच्या खासगी मोटारींना २०१९ पर्यंत सूट राहिली, त्यांची संख्या फुगत गेली आणि मिळवलेला लाभ बराचसा वाहून गेला.

सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण स्टॉकहोमचे. तेथे लोकमत आरंभी विरोधी होते. प्रशासनाने ऑगस्ट २००५ मध्ये आधी बसगाड्या वाढवल्या आणि मग जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने शुल्क प्रायोगिक तत्त्वावर घेतले. वाहतूक सुमारे वीस टक्के घटली. शुल्क थांबवल्यावर ती पुन्हा बहुतांशी पूर्वीच्या पातळीकडे गेली. लोकांनी फरक डोळ्यांनी पाहिला, सप्टेंबर २००६ च्या सार्वमतात थोड्या बहुमताने का होईना पण कौल दिला, आणि २००७ पासून शुल्क कायम झाले. याउलट मँचेस्टरने २००८ मध्ये अनुभव देण्याआधीच मत मागितले आणि जनतेने योजना प्रचंड बहुमताने फेटाळली. विक्री यांच्या न्यूयॉर्कला मात्र जाग यायला सत्तर वर्षे लागली. तेथे मॅनहॅटनच्या दक्षिण भागात ५ जानेवारी २०२५ पासून मोटारीला गर्दीच्या वेळी नऊ डॉलर पडू लागले.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा, की श्रीमंत पैसे फेकून रस्ता विकत घेतील आणि गरीब बाहेर राहील. मुंबईपुरते पाहिले तर गरीब आजही मोटारीत नाही. बहुसंख्य मुंबईकर पायी, लोकलने किंवा बसने जातात. आज श्रीमंताला तोच रस्ता फुकट मिळतो आणि गरिबाची बस त्याच्या मागे अडकते. शुल्क घेऊन त्यातून बस वाढवली, तर पैसा वरून खाली येतो. अट एकच, तो खरोखर बसकडे आला पाहिजे.

दुसरा आक्षेप मध्यमवर्गाचा आहे आणि तो प्रामाणिक आहे. रस्ता कर भरला, पेट्रोलवर कर भरला, मग पुन्हा शुल्क कशासाठी? उत्तर असे, की पेट्रोलवरचा कर पहाटे तीन वाजता मोकळ्या महामार्गावर जेवढा लागतो, तेवढाच सकाळी नऊ वाजता दादरला लागतो. त्यातून रस्त्याचा खर्च निघेल, पण गर्दीच्या वेळेचे मोल त्यात कोठेच दिसत नाही. मुंबईचा पथकरही असाच आंधळा होता. रविवारी दुपारी आणि सोमवारी सकाळी तो सारखाच होता. म्हणून तो गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. त्याच्या जागी शहाणी व्यवस्था आली नाही, याचे दुःख केले पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: पर्याय कोठे आहे? लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, बस वेळेवर येत नाही, मग मोटारवाल्याने जायचे कसे? हा आक्षेप मान्यच करावा लागतो. म्हणूनच क्रम महत्त्वाचा आहे. आधी बस, मग शुल्क. स्टॉकहोम आणि लंडन यांनी तोच क्रम पाळला.

मुंबईने आणि महाराष्ट्राने काय करावे

पहिले काम बसला रस्त्यावर मान मिळवून देण्याचे. गर्दीच्या मार्गांवर बससाठी राखीव मार्गिका आखली आणि ती कठोरपणे मोकळी ठेवली, तर नवी गाडी न घेताही फेऱ्या वाढतात. पुण्याने हा प्रयोग २००६ मध्ये सुरू केला. पण मार्गिकेत दुचाक्या शिरत राहिल्या, शिस्त लागली नाही आणि नगर रस्त्यावरची मार्गिका अखेर काढून टाकण्यात आली. दोष कल्पनेपेक्षा अंमलबजावणीचा अधिक होता.

दुसरे काम वाहनतळाचे. एका उभ्या मोटारीला साधारण १३५ चौरस फूट जागा लागते. मुंबईच्या बी.डी.डी. चाळीत एका कुटुंबाची खोली १६० चौरस फुटांची होती. ज्या शहरात माणसाला एवढीशी जागा मिळवण्यासाठी आयुष्य खर्चावे लागते, तेथे रस्त्याच्या कडेची तेवढीच जागा मोटारीला रात्रंदिवस फुकट मिळते. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यानंतर स्वतःची वाहनतळाची जागा दाखवल्याविना शहरात मोटारीची नोंदणी होत नाही. आपल्याकडे निदान रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारीकडून त्या जागेच्या मोलाशी काही नाते सांगणारे शुल्क घ्यायला हवे.

तिसरे काम भाड्याच्या शिस्तीचे. आठ रुपये, मग पाच, मग एकदम दहा, असे हेलकावे प्रवाशाला आणि संस्थेला दोघांनाही मारक आहेत. सिंगापूरमध्ये १९८७ पासून भाडेनियमनासाठी स्वतंत्र परिषद आहे आणि दरवर्षी ठरलेल्या सूत्राने फेरविचार होतो. आपल्याकडेही निवडणुकीचे वारे पाहून न बदलणारे सूत्र हवे. गर्दीआधी निघणाऱ्याला सवलतही देता येईल. सिंगापूरने २०१३ ते २०१७ या काळात सकाळी लवकर मध्यवर्ती स्थानकांवर पोहोचणाऱ्या रेल्वेप्रवाशांना मोफत सोडले होते. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये शेकडो आस्थापनांना कार्यालयीन वेळा बदलण्याची पत्रे लिहिली. पत्राला भाड्यातील सवलतीची जोड मिळाली असती, तर त्याचे वजन वाढले असते.

या तिन्ही गोष्टी उभ्या राहिल्यावर चौथे पाऊल: निवडक भागांत, केवळ गर्दीच्या तासांत, मर्यादित मुदतीसाठी, प्रयोग म्हणून कोंडीशुल्क. २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅग बहुतेक मोटारींच्या काचेवर आहेच. नाका आणि रांग यांची गरज नाही. रुग्णवाहिका, दिव्यांगांची वाहने आणि बस यांना सूट असावी, इतर सवलतींचा बाजार मांडू नये. जमा झालेला पैसा वेगळ्या खात्यात जावा आणि त्यातून किती बस आल्या, कोणत्या मार्गावर आल्या, याचा हिशेब दर तिमाहीस थांब्याथांब्यावर लावला जावा. शुल्क सामान्य तिजोरीत गडप झाले, तर लोक ते दुसऱ्या महिन्यात झुगारतील, आणि त्यांचे चुकणार नाही.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच सांगितले, की रस्त्यावरील जागेचा विचार करताना वाहनांपेक्षा माणसे महत्त्वाची. ते सूत्र कागदावर आहे. ते रस्त्यावर आणण्यासाठी मात्र मध्यमवर्गाची संमती लागते, कारण मोटार याच वर्गाच्या दारात आहे आणि लोकप्रतिनिधीला याच वर्गाची नाराजी भोवते. पथकर माफ झाला तेव्हा पेढे वाटणारे पुष्कळ होते. बसचे भाडे दुप्पट झाले तेव्हा रस्त्यावर उतरणारे त्या मानाने थोडे दिसले. बसमध्ये धुणीभांडी करणारी मावशी असते, कारखान्याचा पाळीवाला कामगार असतो, शिकवणीला जाणारी मुले असतात. त्यांचा आवाज वर पोहोचवण्याचे काम शेजारच्या मोटारवाल्यानेच करायला हवे.

म्हणून पुढच्या वेळी नगरसेवक किंवा आमदार दारी येतील, तेव्हा त्यांना उड्डाणपूल कधी होणार, हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. आपल्या प्रभागातून सकाळी आठ ते दहा या वेळात किती बस जातात? आणि गेल्या वर्षी त्या वाढल्या की कमी झाल्या? ही दोन उत्तरे त्यांना देता येईपर्यंत शहरातील प्रत्येक नवा रस्ता हे आणखी एक गायरानच ठरणार आहे.